दामूच्या मनातली कॉर्ड

रविवार, सरावली

दामूला अर्धांगवायू झाल्यापासून आज पहिल्यांदाच गिटार घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याआधी वर्षभर तो सी, जी अशा कॉर्ड वाजवायचा आणि मी त्यावर साधं लीड, म्हणजे एकेका सुराची धून, शिकायचो. आता त्याचा डावा हात मांडीवर नुसता पडलेला.

"वाजव तू. कॉर्ड मी मनात धरतो," म्हणाला.

वाजवलं. मध्येच ओरडला, "ओ शेठ, जी आला ना! तू अजून सीवरच बसलाय?"

हसलो दोघंही. त्या हाताकडे बघणं मी टाळलं. कारखान्यात आवाजावरून मला मोटरचं बेअरिंग गेलेलं कळतं, मग त्याच्या मनातला जी का ऐकू येत नाही?

निघताना म्हणाला, "माझी गिटार पण घेऊन जा. इथं नको."

घेतली. नाही म्हणायला हवं होतं का?