केसाएवढ्या नळीची भिंत

नाना, आज वर्गात विसरणाचं समीकरण शिकवायला घेतलं. एकाच मितीचं, सगळ्यात सोपं. फळ्यावर आडवी रेघ ओढायची, डावीकडे दाट, उजवीकडे विरळ, आणि मुलांना सांगायचं की पदार्थ दाटीकडून विरळाकडे आपोआप सरकतो. दोन्हींतला फरक जसजसा कमी होतो तसतसं हे सरकणं मंदावतं. इतकं सांगून झालं आणि पुढचं वाक्य मला सुचेना. मुलांना वाटलं, बाई काहीतरी विसरल्या.

तुमच्या किडन्या गेल्या तेव्हा मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. पॉलिएस्टरमध्ये रंग किती खोल शिरतो, हे मोजत होते. तुम्ही सुरतेत बमरोलीच्या मिलमध्ये जेट मशीनवर उभं राहून आयुष्यभर तेच कापड रंगवलंत, पण मी काय शिकते हे तुम्ही कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. नवागामच्या त्या दोन खोल्यांत आपलं बोलणं जेवलीस का, रिक्षा मिळाली का, एवढ्यापुरतंच. मग आठवड्यातून तीनदा दवाखाना सुरू झाला. तुमच्या डाव्या हाताला सुया लागतात, रक्त यंत्राकडे निघतं, मी शेजारी स्टुलावर बसते. बोलायला दुसरं काही नसतं. एकदा तुम्ही यंत्रावरच्या पारदर्शक नळकांड्याकडे बोट दाखवून विचारलंत, यात असतं तरी काय. मी सांगितलं, केसाएवढ्या बारीक, पोकळ, हजारो नळ्या. आतून रक्त वाहतं, बाहेरून क्षाराचं स्वच्छ पाणी. रक्तात घाण आहे, पाण्यात नाही, म्हणून ती नळीच्या भिंतीतून पलीकडे जाते. भिंतीतून आरपार, एवढी एकच दिशा मोजायची. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. म्हणालात, "म्हणजे आमच्या मशीनच्या उलटं. आम्ही आत घालायचो, हे बाहेर काढतंय." मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तुम्ही दर खेपेला काही ना काही विचारत गेलात, आणि मी त्या स्टुलावर बसायची वाट पाहू लागले.

काका गेले तेव्हा त्यांच्या मुलीचं कन्यादान करायचा शब्द तुम्ही दिला होता. वैशाखात तिचं लग्न ठरलं, गावी. तिकडे तेव्हा डायलिसिसची सोय नव्हती. डॉक्टरांनी नुसतं नाही म्हटलं. का नाही, ते सांगितलं नाही. म्हणून तुम्ही मला विचारलंत. एकदाच दिवसभर यंत्रावर बसतो, सगळं काढून टाकतो, मग आठवडाभर मोकळा. चालेल ना?

मी तुमच्या पांघरुणावर बोटाने रेघ काढली. आधी तीव्र उतार, मग सपाट होत जाणारा. सुरुवातीला भरपूर निघतं, नंतर रक्तातच कमी उरतं म्हणून कमी निघतं. स्नायूंत मुरलेलं रक्तात यायलाही वेळ लागतो, आणि रोज नवं साचतच राहतं. दिवसभर बसून आठवड्याची बेगमी होत नाही, नाना. तुम्ही त्या रेघेकडे बघत होतात, जणू ती अजून तिथे दिसत होती.

"माले जावानं शे, माय," तुम्ही घरच्या अहिराणीत म्हणालात. मी पांघरूण सारखं केलं. थोड्या वेळाने स्वतःच माघार घेत म्हणालात, "पन तू सांगस, तर नही जास."

आई एकटीच गेली. कन्यादान मुलीच्या मामांनी केलं. पाठवणीनंतर काही दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन सुरतला आली, तुम्ही यंत्रावर होतात म्हणून थेट वॉर्डात. नर्सबाईंनी चपला बाहेर काढायला लावून दोघांना आत सोडलं. हिरवा चुडा, हातांवर उतरत आलेली मेंदी. ती वाकली. तुमचा डावा हात अडकलेला, म्हणून उजवा तिच्या डोक्यावर ठेवलात आणि तो तिथून लवकर काढला नाहीत. ते दोघं गेल्यावर तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

त्यानंतरची दिवाळी तुम्ही पाहिलीत, संक्रांत नाही. लोक म्हणाले, पोरगी शिकलेली होती म्हणून बापाला इतके महिने राखलं. आई मात्र एकदा भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यास्ना जीव तठेच व्हता." तुमचा जीव तिकडेच होता, हे मलाही कळलं होतं. मी तिच्यापुढे ताट सरकवलं.

आज घरी येऊन हे लिहायला बसले. हे कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. त्या दिवशी मी जे सांगितलं त्यात चूक नव्हती. नंतर कितीदा तरी मी ते गणित मांडून पाहिलं, दर वेळी तेच येतं. पण ते उलटं, आठवडाभर चालेल असं आलं असतं, तरीही त्या स्टुलाशेजारून मी तुम्हाला जाऊ दिलं नसतं, नाना. दुसरं काहीतरी कारण काढलं असतं.