फास्ट म्हणजे क्विक नव्हे, मामा

डिंडोली, सुरत
४ डिसेंबर १९९६

तीर्थरूप लोटूमामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो (ज्या गुडघ्याला लेप लावला आहे तो पाय सोडून, दुसऱ्यावर). सरलामामींनाही नमस्कार सांगा. तुम्ही वैद्याशी भांडून औषध बदललंत असं आईनं लिहिलं आहे. भांडण्याइतकी ताकद आली, म्हणजे प्रकृतीला उतार आहे असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल. हा शब्द मी आज मोकळ्या मनानं लिहितो आहे. गेल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर तो लिहवला नसता. का ते सविस्तर सांगतो. मामींना वाचून दाखवू नका, आधी एकट्यानं वाचा.

तुम्ही शाळेत आम्हाला इंग्रजी विशेषणांच्या जोड्या घोकायला लावायचात. बिग-लार्ज, ग्लॅड-हॅपी, फास्ट-क्विक. एक आठवला नाही तर दुसरा वापरा, डावा बैल काय नि उजवा काय, गाडी चालतेच, असं तुम्ही म्हणायचात. (तुम्ही कधी गाडी जुंपली नाहीत. बाबांनी एकदा बैलांच्या बाजू बदलून जुंपल्या तेव्हा गाडी थेट नाल्यात गेली होती, पण ते असो.) त्या जोड्यांच्या जोरावर मला बमरोलीच्या छपाईच्या मिलमध्ये नोकरी लागली. कापडाच्या गाठींवर इंग्रजीत पत्ते घालायचे, एवढंच काम. पत्त्यात विशेषणं येत नाहीत, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

दिवाळीपासून मिलची दुसरी पाळी बंद होती. निम्मी डिंडोली घरी बसली होती. आमचा शेजारी पंडित, म्हणजे मिलचा रंगमास्तर, तेवढा कामावर होता. पण त्यालाही सेठनी सांगून ठेवलं होतं की परदेशी ऑर्डर आली तर पाळी सुरू, नाहीतर रंगखातं बंद आणि तू गावी. पंडितची बायको भागीरथी गरोदर आहे. गावी त्यांचं आता घरसुद्धा उरलेलं नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे मी जे दिवे लावले ते या अंधारात लावले.

गिऱ्हाईक आफ्रिकेतून, नैरोबीहून येणार होतं. नाव मिस्टर कमाऊ. सेठ रमणीकभाईंना ते नाव एवढं आवडलं की ते दिवसभर नुसतं उच्चारत होते. बोलणी करायला एक एजंट येणार होता, पण बारडोलीच्या अलीकडे त्याची गाडी उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकली आणि तिथेच बंद पडली. तसा त्याचा फोन आला आणि फोन ठेवताक्षणी सेठनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, सेठ, मी पत्ते लिहितो. सेठ म्हणाले, पत्तेही इंग्रजीच असतात ना?

कमाऊसाहेब उंच, शांत, कमी बोलणारे. पंडितनं छापलेलं मरून रंगाच्या फुलांचं कापड त्यांनी उजेडात धरलं, बोटांनी चोळलं, आणि मला विचारलं, "इज इट फास्ट?" मामा, मला तुमचा आवाज ऐकू आला. फास्ट-क्विक! मला वाटलं, माल किती लवकर निघतो ते विचारतायत. मी छाती काढून म्हणालो, "व्हेरी फास्ट सर! व्हेरी क्विक!" त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांनी सावकाश विचारलं, "डू द कलर्स रन?" आता रन म्हणजे धावणं, हे तर बालवाडीतलं. आमची छपाईची यंत्रं धावतात का, असा अर्थ मी लावला आणि म्हणालो, "येस सर! ऑल कलर्स रन! डे अँड नाइट रन! इन सुरत, नोबडी रन लाइक अस!"

त्यांनी कापड टेबलावर ठेवलं. घडीसुद्धा घातली नाही.

तेवढ्यात सेठनी भर घातली. आमच्या दोघांच्या बोलण्यात त्यांना 'फास्ट' हा एकच शब्द कळला होता, आणि फास्ट म्हणजे उपवास हे त्यांना पक्कं ठाऊक. पाहुण्यांची एकादशी आहे असं समजून त्यांनी समोरचं फरसाण उचलायला लावलं आणि केळी मांडली. कमाऊसाहेबांनी एकदा केळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बॅग बंद केली. हस्तांदोलन केलं, थँक यू म्हणाले आणि दाराकडे निघाले.

"ए केम जाय छे? तें शुं कह्युं एने?" सेठ माझ्या कानाशी कुजबुजले. मी म्हटलं, सेठ, मी तर स्तुतीच केली. दारात पंडित उभा होता. हाताला कोपरापर्यंत रंग. त्यानं विचारलं, "योगेंद्र, तू त्याले काय सांगं?" त्यालाही मी तेच सांगितलं. पंडित रंगाचे हात पुसत पुन्हा यंत्रापाशी गेला, आणि तेच मला सोसेना. (तुमची छडी परवडली होती, मामा.)

पाहुण्यांना स्टेशनवर पोचवायला सेठनी मलाच गाडीत घातलं. दुसऱ्या कोणाला इंग्रजी येत होतं? ड्रायव्हर सखाराम पुढे, मी आणि कमाऊसाहेब मागे, आणि आमच्या दोघांमध्ये सेठनी भेट म्हणून दिलेला त्याच मरून कापडाचा तुकडा. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी यायची होती. मला भागीरथी दिसत होती, तिनं परवाच माझ्या वहिनीकडून बाळाच्या दुपट्यासाठी जुनं लुगडं मागून नेलं होतं. शेवटी मी धीर करून, हात जोडून विचारलं, "सर, व्हॉट मिस्टेक?"

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, जो रंग फास्ट असतो तो रन होत नाही, आणि जो रन होतो तो फास्ट नसतो. तुम्ही दोन्हीला हो म्हणालात. मी नुसती मान डोलावली. मला काहीच कळलं नाही हे त्यांना कळलं. तेव्हा त्यांनी एकाएकी माझं मनगट पकडलं आणि असं आवळलं की माझ्या तोंडून ओय निघालं. "धिस इज फास्ट!" सखारामनं आरशात पाहिलं, त्याला वाटलं मागे मारामारी जुंपली. तो सीटखालचा पाना घेऊन वळला! मी एका हातानं सखारामला थोपवतोय, दुसरा हात कमाऊसाहेबांच्या मुठीत, आणि त्याच घटकेला माझ्या डोक्यात उजेड पडला. फास्ट म्हणजे घट्ट. धरून बसलेला, सुटत नाही तो. रंग फास्ट म्हणजे पक्का रंग! आणि रन म्हणजे रंग जाणं! मी देशाबाहेरच्या गिऱ्हाइकाला ओरडून सांगितलं होतं की आमचा रंग रात्रंदिवस जातो, आणि आमच्याइतका सुरतेत कोणाचाच जात नाही.

मी म्हणालो, "सर, नॉट क्विक! फास्ट! ओन्ली फास्ट!" त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि माझ्या हातात दिला. मग कापडाकडे बोट केलं. चोळ.

मामा, खरी भीती तिथे वाटली. त्याच आठवड्यात बॉयलर कुरकुरत होता आणि "वाफ कमी पडनी," असं पंडित दोनदा माझ्यापाशी म्हणाला होता. वाफ कमी बसली तर छापलेला रंग पक्का होत नाही, इतकं मलाही माहीत आहे. पण नाही म्हणणार कसं? मी डोळे मिटून चोळलं. मालगाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले, सखाराम ओरडला, "अरे, पुढे जाऊ का मागे?" मी डोळे उघडले. रुमालावर लाल डाग!

कमाऊसाहेबांनी रुमाल घेतला, डाग निरखला, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. सकाळी सेठनी स्वागताला लावलेला कुंकवाचा टिळा त्यांनी त्याच रुमालानं पुसला होता. मग त्यांनी रुमाल उलटा करून कोऱ्या बाजूनं स्वतः चोळलं, चांगलं जोर लावून. रुमाल पांढरा तो पांढराच. "नाऊ," ते म्हणाले, "धिस इज फास्ट." मी सखारामला म्हटलं, वळव!

ऑर्डर मिळाली. फार मोठी नाही, नमुन्यादाखल आहे; निम्म्या यंत्रांवर दुसरी पाळी सोमवारपासून सुरू झाली. पंडितनं मला मिठी मारली तेव्हा माझा सदरा रंगला (तो रंग मात्र धुऊन जात नाही). भागीरथीनं कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला. सेठ अजूनही लोकांना सांगतात की पाहुण्यांचा उपवास होता म्हणून ते आधी चिडचिडले.

तेव्हा मामा, क्विक तो लवकर होणारा. फास्ट लवकर होणाराही असतो आणि न सुटणाराही. घोडा फास्ट असला तर पळतो, रंग फास्ट असला तर जागचा हलत नाही. एवढं वर्गात सांगितलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं?

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
योगेंद्र

ता. क. वरचं शेवटचं वाक्य रागात लिहिलं गेलं. खोडलं तर पान घाण दिसेल म्हणून राहू दिलं आहे.

ता. क. दुसरा : परत येताना कमाऊसाहेबांनी विचारलं, इंग्रजी कुठे शिकलास? माझ्या मनगटावर अजून त्यांची बोटं उठलेली होती, त्यामुळे मी खरं ते सांगून टाकलं. तुमचं नाव, गाव, सगळं. ते उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, माल बघायला पुन्हा येणार आहेत आणि म्हणाले, त्या गुरुजींना मला भेटायचं आहे. सेठनी तुमच्या येण्याजाण्याचं तिकीट काढायला सांगितलं आहे. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. संध्याकाळभर दोघांनी इंग्रजीत बोलायचं आहे, मध्ये मी नसेन.

ता. क. तिसरा : येणं जमणार नसेल आणि आजारी आहे असं कळवायचं असेल, तर 'इल' लिहायचं की 'सिक', हे कोणाला तरी नीट विचारून मगच कळवा.