बाबांनी निवडलेला पर्याय

२ फेब्रुवारी, सोमवार

चाळणीने माझे सगळे प्रश्न परत पाठवले. सगळे! ऑफिसात तिला मॅडम म्हणतात, चाळणी हे नाव माझं. परीक्षांच्या सरावपुस्तिकांसाठी आम्ही प्रश्न लिहायचे आणि तिने ते चाळायचे. सध्या ‘युक्तिवाद बळकट करा’ हे प्रकरण चालू आहे — वर एक युक्तिवाद, खाली चार विधानं, त्यातल्या कोणत्या विधानाने युक्तिवादाला सर्वांत जास्त बळ मिळतं ते ओळखायचं. तिचा शेरा: “तुझ्या बरोबर पर्यायात निष्कर्षच पुन्हा आलाय. याला बळ देणं म्हणत नाहीत, आवाज चढवणं म्हणतात.”

बोचलं, कारण काल दादाशी फोनवर मी नेमकं हेच केलं. तो म्हणाला, “बाबांना माझ्याकडे घेऊन जावं म्हणतो. आई जाऊन वर्ष झालं, एकटे किती दिवस काढणार?” मी म्हटलं, बाबा एकटे राहू शकतात. कशावरून? राहू शकतात म्हणून! “मग तू काय सुचवतेस?” त्याने विचारलं. राहू दे त्यांना त्यांच्या घरी, मी म्हटलं. त्याने तेच पुन्हा विचारलं, मी तेच पुन्हा सांगितलं. मग — “बरं. महिनाअखेरीला येतो, तेव्हा ठरवू.”

दादाचं गाव रात्रभराच्या प्रवासावर. इथे मी मनात आलं की उठून बाबांकडे जाते. मला बाबा इथेच हवेत. बस.

५ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्याकडे आणावं का, असंही मनात येऊन गेलं. पण दीड खोली, त्यात कागदांचा उकिरडा, जेवायला काळवेळ नाही. आणि बाबा म्हणजे आयुष्यभर नकाशे आखलेला माणूस, पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारा. चार दिवसांत जीव नकोसा होईल त्यांना. नाहीच ते.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबांकडे. गुपचूप पुरावे गोळा केले. सदऱ्याची बटणं जागेवर. गोळ्यांच्या डबीतले आजपर्यंतचे कप्पे रिकामे. कुंड्यांना पाणी घातलेलं. ओटा असा लख्ख की माझी मलाच लाज वाटली. शिवाय रोज पायी सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत जाऊन येतात. बाबांकडे सायकल नाही. विचारलं तर म्हणे, “उद्या घेतली तर?”

सरावपुस्तिकेतला बाकांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. चाळणीकडे जाण्याआधी परक्या डोळ्यांखालून गेलेला बरा. नगरपालिकेने नदीकाठी बाकं बसवली. त्यानंतर संध्याकाळी तिथे येणारी म्हातारी माणसं वाढली. म्हणजे ती बाकांमुळेच येतात. याला बळ कशाने मिळेल? उत्तर सोपं आहे — बाकं नसलेल्या काठावर गर्दी वाढली नाही. बाबांनी बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुबक गोल केला, पण तो भलत्याच पर्यायाला: यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी बोलायला कोणी नसतं.

“बाबा, हे तर दुसरंच कारण झालं. याने युक्तिवाद लंगडा पडतो.”

“पडेना. पण खरं तेच आहे.”

“खरं आहे की नाही ते बघायचं नसतं हो. खरं मानून चालायचं.”

“मानायला मला काही जड गेलं नाही,” म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

येताना रस्ताभर हसू येत होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दादाला फोन. बटणं, गोळ्या, ओटा, फिरणं — सगळं ऐकवलं. “वकीलच व्हायला हवी होतीस,” म्हणाला. जिंकतेय!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज चाळणीने समोर बसवूनच घेतलं. प्रश्न असा: कारखान्यातल्या जुन्या कामगारांना नवं यंत्र चालवता येतं, म्हणून ते नोकरी सोडणार नाहीत. मी दिलेलं बळ — यंत्राच्या चाचणीत ते सगळे उत्तम गुणांनी पास झाले. तिने चष्मा कपाळावर सरकवला. “चालवता येतं, हे आधीच सांगून झालंय. तिथेच आणखी टेकू लावतेयस. भगदाड पलीकडे आहे बाई. त्यांना चालवायचंय का? बळ तिथे द्यायचं.”

दुरुस्त करून दिला. लगेच पास! पहिल्यांदाच असं झालं, तरी आनंद होईना. दिवसभर बाबांचा लख्ख ओटा डोळ्यांपुढे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून सरळ सायकलवाल्याकडे गेले. “बाबा ना? मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर हजर,” तो म्हणाला. “पंक्चर काढताना मला गप्पा लागतात, त्यांनाही लागतात. निघताना म्हणतात, चला, आजचं बोलणं झालं, आता उद्या.”

हेच मी दादाला ‘फिरणं’ म्हणून सांगितलं होतं. आणि त्या पर्यायाभोवतीचा तो सुबक गोल — त्यांनी मला सांगितलं, आणि मी त्यांना नियम शिकवून हसत घरी आले. फार वाईट वाटतंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

विचारलं एकदाचं. “बाबा, तुम्हाला एकटं राहायचंय?”

“येतं की राहता.”

“ते नाही विचारलं.”

पेन्सिलीला टोक होतंच, तरी पुन्हा काढत बसले. मग म्हणाले, “तू यायच्या आधी सगळं आवरून ठेवतो. बटणं-बिटणं. तू दादाशी इतक्या हिरिरीने भांडतेस, म्हटलं पोरीला तोंडघशी कशाला पाडायचं.”

माझे सगळे पुरावे बाबांनीच पुरवलेले! रडू आवरेना. तर तेच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसले.

“दादाकडे जायचंय का मग?”

“बोलायला कोणी असलं की झालं,” म्हणाले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कामात लक्ष नाही. बाबा गेले तर रविवारी मी कुठे जाऊ?

२८ फेब्रुवारी, शनिवार

दादा आला. त्याने पाणी प्यायच्या आधीच मी सांगून टाकलं — तुझंच बरोबर, बाबांनी एकटं राहू नये. “मग सामान बांधायचं?” त्याने विचारलं. बाबांना नाही, मला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेवर केस वाढले होते, तेवढेच दिसत होते मला.

आणि मी बोलून गेले, “माझी दीड खोली आहे. कागदांचा उकिरडा आहे. जेवायला काळवेळ नाही. बाबा, माझ्याकडे राहाल?”

एकही विधान बळ देणारं नाही! चाळणीने फाडूनच टाकला असता असला युक्तिवाद. बाबांनी मान वळवली. “ड्रॉइंगचं टेबल मावेल का, तेवढं सांग,” म्हणाले.

 दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी.

१ मार्च, रविवार

टेबल मावलं. माझे कागद उंचीप्रमाणे लागले आहेत. काही सापडत नाही.

४ मार्च, बुधवार

दादाचा फोन. बाबा घरात नव्हते — सायकलवाल्याकडे गेले होते, आता तासाभरात परत येतात. “आता सांगायला हरकत नाही,” दादा म्हणाला. “तो पहिला फोन मी बाबांच्या सांगण्यावरून केला होता. त्यांनी स्वतः विचारलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं, म्हणून त्यांना विचारायचं नव्हतं. मला म्हणाले, तू मला न्यायचं म्हण, म्हणजे ती आपण होऊन म्हणेल, नको, माझ्याकडे राहू दे.”