अंड्यावरच्या सात खुणा

ताईस नमस्कार. गुडघे दुखत असल्यामुळे साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, तो पोचल्याचे कळव. तुझा रक्तदाब, भावजींचा खोकला कसा आहे? (माझे विचारू नकोस.)

तुझ्या लेकीने, चिऊने, मला तिच्या लशीच्या प्रयोगशाळेत, अंड्यांच्या खोलीत चिकटवले, त्याला गुरुवारी चार महिने होतील. विषाणू वाढायला जिवंत पेशी लागतात. त्या कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात आयत्या मिळतात. दहा दिवस अंडी उबवायची, दिवसातून तीनदा फिरवायची (नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो), दिव्यासमोर धरून आतल्या रक्तवाहिन्यांच्या लाल रेषा पाहायच्या, हे माझे काम. मग चिऊ सुईने आत विषाणू सोडते आणि भोक मेणाने बुजवते; तिथून पुढे अंडी तिची. गर्भशास्त्र मी स्वतः पुस्तक आणून शिकलो, हे तुला ठाऊक आहेच. शेवटचे प्रकरण तेवढे राहिले होते.

मंगळवारी पाहतो तर चिऊने सुई दिलेली साठ अंडी तशीच उभी. म्हटले, पोरगी दमली, फिरवायला विसरली. तिची पाठ वळली की मी गुपचूप फिरवत गेलो. संध्याकाळपर्यंत सात वेळा, पार खाली डोके वर पाय. शेवटच्या प्रकरणात लिहिले आहे, की सुई दिल्यावर अंडे हलवायचे नसते. मेण सुटले. सकाळी साठच्या साठ गर्भ मेलेले.

ताई, पहिल्या चोवीस तासांत मेलेला गर्भ विषाणूने नव्हे, माणसाच्या हाताने मेला असे धरतात. मोठ्या बाईंनी (आमच्या प्रमुख) विचारले, "हात कोणाचा?" चिऊ म्हणाली, "सुई माझीच होती." मी शेजारीच उभा होतो. दुसऱ्याच्या शिंकेतही दुरुस्ती सुचवणारा मी, गप्प राहिलो. सोमवारपासून तिच्या हातातली सुई काढून घेणार आहेत. त्या सुईसाठी पोरगी तीन वर्षे शिकली.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचे कारण वर राहूनच गेले. तिला फोन करून तूच सांग, मामाने केले म्हणून. माझी जीभ उचलत नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना चिऊ आली. मी शिस्तीचा माणूस. दर वेळी फिरवल्यावर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने बारीक खूण केली होती. म्हणाली, "मामा, मोठ्या बाई यायच्या आत साठ अंडी पुसताना हात भरून आले माझे. पुढच्या वेळी गुन्हा कर, पण नोंद ठेवू नकोस." चहा पिऊन गेली.

तेव्हा तिला फोन नको. सोमवारी सकाळी मोठ्या बाईंना मीच सांगणार आहे. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. मिळाल्याबरोबर मला फोन कर आणि "सांगितलेस का?" एवढेच विचार. रक्तदाबाचे नंतर बोलू.