फाशीचा माळ

२० मे १९७३
एकदाचा येऊन पोहोचलो! हुमनाबादच्या नाक्यावर मोटारीतून उतरलो तेव्हा पाठीचा पार भुगा झाला होता, पण गुंडेराव स्वतः जीप घेऊन आले होते. तिथून सात मैलांवर त्यांची वस्ती. मला स्वतंत्र खोली, खाट, खिडकीशी दोन कुंड्या. पुण्याहून जपून आणलेली गुलाबाची कलमं आल्या आल्या लावून टाकली.

काम मनासारखं आहे. तीन वर्षांच्या दुष्काळात गुरं निम्मी झाली, तेव्हा चराईचा वीस एकर माळ नव्या ट्रॅक्टरनं फोडून त्यात ऊस लावायचा. देखरेख माझी. पेठेत वाढलेल्या माणसानं गाय पाहिली ती दारात पोळी खायला आलेली. इथे मात्र सगळे मला अंकुशराव साहेब म्हणतात!

गुंडेराव माणूस उमदा. मराठी, कानडी, दखनी एकाच वाक्यात बोलतात. शाळा निजामाच्या अमलात उर्दूत झाली, त्यामुळे मराठीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नाही. ते काम आता माझं. चांदीची तपकिरीची डबी सदा हातात. स्वतः चिमूट घेण्याआधी समोरच्यापुढे डबी धरतात. मजुरांतल्या बुद्धाच्या वस्तीतल्यांना तेवढी वरून चिमूट टाकतात. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

२३ मे
माळाच्या मधोमध एक गंमत आहे. अर्ध्या एकराचा गोल, त्याला बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण. आत काही नाही, नुसती भेगाळलेली काळी माती. कळलं की सोजराबाई नावाची बुद्धाच्या वस्तीतली एक म्हातारी दर वर्षी ते कुंपण नवं करते. सतरा वर्षं! मजूर त्या बाजूला सावलीलाही बसत नाहीत.

दुपारी ती स्वतःच आली. वाळलेली, ताठ, कपाळ मोकळं. म्हणाली, “साहेब, तितं फाशी गाडलीया. नांगर घालू नगा.”

म्हणजे कुणाला तरी फासावर लटकवून तिथे पुरलंय, आणि त्याचं भूत या बाईनं काट्यांत कोंडलंय! मी सगळ्यांदेखत विचारलं, तुम्ही बुद्धाला शरण गेलात, देव सोडलेत, मग भुतं कशी सोडली नाहीत? ती एवढंच म्हणाली, “भुताचं म्या कुटं म्हणलं?”

बाई हजरजबाबी आहे. मला मात्र हसू आवरेना.

२७ मे
आज गोल फोडला. ट्रॅक्टरवाला नागनाथ चक्क खाली उतरला आणि बिडी ओढत बसला, म्हणून मीच चाकावर बसलो. त्याआधी सोजराबाई काट्यांपुढे येऊन उभी राहिली. मला राग आला. पंधरा माणसांसमोर एक बाई माझी परीक्षा पाहते म्हणजे काय? तिनं लावलेले काटे तिलाच उपसायला लावले. हात रक्ताळले, पण शेवटची फांदी निघेपर्यंत ती बोलली नाही. जाताना माझ्याकडे नीट पाहून घेतलं, एखाद्याचा चेहरा लक्षात ठेवायचा असतो तसं.

आत हाडंच हाडं. माणसाची नव्हेत, गुरांची. म्हणजे भूत बैलाचं होतं! पाटीभर हाडं खोलीवर आणून कुटली, वस्त्रगाळ पूड केली. गुलाबाला याच्यासारखं खत नाही. थोडी डब्यात राखून ठेवली.

१६ जून
दहा दिवस पाऊस आहे. बाकीचा माळ अजून करडाच, पण तो गोल बघावा तर हिरवागार! गुंडेराव खूश होऊन म्हणाले, लावणीला अवकाश आहे, तोवर बैल सोडा त्यात. सोडले.

१८ जून
तीन बैल गेले. सकाळी चरत होते, दुपारी आडवे. नाकातून काळं रक्त, ते थिजतच नाही. ओढून न्यायला बुद्धाच्या वस्तीत निरोप पाठवला, तर उलट निरोप आला की ते काम आम्ही छप्पन सालीच सोडलं, ज्याचा बैल त्यानं ओढावा. मग काय, मी आणि गुंडेरावांचे दोन गडी. दोर माझ्याही खांद्यावर. कुत्री जमली म्हणून सोजराबाईच्या काट्यांचा ढीग मुडद्यांवर ओढला. एक फांदी उसळून जबड्याखाली लागली. रक्ताच्याच हातानं पुसलं.

२१ जून
काटा लागला तिथे खाज. बारीक फोड. दाढी करताना चुकवला.

२२ जून
फोड फुटला आणि मध्ये काळा पडला. कोळशाचा ठिपका लावावा तसा. दुखत नाही, हे बरं. भोवती मान मात्र भरून आलीय, गळपट्टीचं बटण लागत नाही.

गुंडेरावांनी तो पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, “फाशीच की हो.” मी विचारलं, इथे फाशी दिली तरी कुणाला? ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. अहो, माणसाची फाशी नव्हे, गुरांची! फास लागल्यासारखं जनावर घटकेत पडतं म्हणून त्या रोगालाच इथे फाशी म्हणतात. त्यांच्या वडलांचे चाळीस बैल एका पावसाळ्यात गेले, ते त्या गोलात आहेत.

मागची पानं उघडली. माझ्याच अक्षरात आहे. फाशी गाडलीया. भुताचं म्या कुटं म्हणलं?

२३ जून
गुंडेरावांना ठाऊक होतं. सगळं. चाळीस बैलांची कातडी वाया जाऊ नयेत म्हणून त्यांच्या वडलांनी सोजराबाईच्या नवऱ्याला, अंबाजीला, काठीच्या जोरावर सोलायला लावलं. चौथ्या दिवशी तो गेला. काळी पुळी हातावर होती. हे मला त्यांनी असं सांगितलं जसं पाऊस किती झाला ते सांगावं. म्हणाले, इतक्या वर्षांत विष मुरलं असेल असं वाटलं. आणि आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला असता काय?

जीप मागितली. नाही म्हणाले. डॉक्टर विचारणार कुठे लागलं, मग सरकार माळावर बंदीच्या खुणा ठोकणार, ऊस बुडणार. हळद लावा म्हणाले.

वाटेतल्या ओढ्याला पाणी आहे. हुमनाबादेला चालत निघालो, अर्ध्यात चक्कर आली.

२४ जून
कसाबसा सोजराबाईच्या दारात गेलो. मान दाखवली. ती म्हणाली, “सांगितलं व्हतं की.” विचारलं, दुसऱ्यांदा का नाही सांगितलं? म्हणाली, “अंबाजीला कुणी येकदा तरी इचारलं का, सोलतोस का न्हाई म्हणून?” दार लावून घेतलं.

तिला बरं वाटलं. मी पाहिलं. खोटं कशाला लिहू, तिच्या जागी मलाही वाटलं असतं.

२५ जून
हनुवटी आणि मान एक झालीय. बोलायला गेलं की नुसता वारा. आणि तरी दुखत नाही — काळं आता रुपयाएवढं.

गुंडेराव खुर्चीत बसून गेले. ऊस कधी लावता म्हणाले! जाताना डबी खिडकीत विसरले. चांदीची.

आणि हाडांच्या पुडीचा डबा माझ्या खाटेखाली.

२६ जून
मिसळली. अर्धी अर्धी. तपकीर थोडी फिकट दिसते, कळणार नाही. ज्या हाडांनी अंबाजी नेला, मला नेतायत, ती याच्या नाकातून जाऊ देत. मला आनंद होतोय — कित्येक दिवसांत पहिल्यांदा. हा दिवस त्याच्या बापालाही दिसायला हवा होता.

उद्या डबी न्यायला येईल. तेवढं जगायचं.

२७ जून, दुपार
सोजराबाई आल्या. उंबऱ्यात बसल्या. पदर भिजलेला, पायांना चिखल. परवाच ओढा ओलांडून लॉरीनं हुमनाबादेला गेल्या होत्या. डॉक्टर येतोय, सुई घेऊन, ओढ्यापलीकडे गाडी लावून. म्हणाल्या, “अंबाजीसाठी डाक्टर आणाया कुणी गेलं न्हाई. म्हणून म्या गेले.”

मला रडता येईना. गळ्यात जागाच नाही.

गुंडेराव आले. डॉक्टर येतोय ऐकून चेहरा पडला. आता गोड बोलतायत सोजराबाईंशी — डॉक्टरांना माळाचं सांगू नकोस, अक्का म्हणाले त्यांना, अक्का —

खिडकीतली डबी घेतली.

उघडली. स्वतः घेण्याआधी समोरच्यापुढे — आज वरून टाकत नाहीत, डबीच सोजराबाईंच्या पुढ्यात —

नको

ओरडतो आहे, आवाज नाही. मोठ्या अक्षरात फाशी लिहून वही दाखवली. त्यांनी पाहिलं, हसले. म्हणाले, मला कुठं वाचता येतं अंकुशराव. सोजराबाई वहीकडे बघतायत, त्यांना तर अक्षरओळखच —

जन्मात पहिल्यांदा कुणी डबी हातात दिली म्हणून त्या थांबल्यात. बोटं डबीकडे —

मी एकदाही सांगितलं नाही. एकदाही. डबी पाडली पाहिजे, दोघांच्याही हातून, पेन टाकून उठ