पिशवीबंदीच्या सभेत

प्रिय रोझेन,

या शनिवारी आपल्या बाजारात लोक वेताच्या टोपल्या घेऊन आले. दुकानदारांनी प्लास्टिकची पिशवी द्यायची नाही, असा ठराव नगरपालिकेने केला आहे. तिकडे लियाँमध्ये बसून तुला त्याचं काय, असं वाटेल. तरी वाच.

ठरावाच्या सभेला सगळं बंदर लोटलं होतं. मासळीवाली स्वाझिक उठून म्हणाली, “नगराध्यक्षबाई, खेकडे काय आता लोकांनी टोपीत घालून न्यायचे?” मागून कुणीतरी म्हणालं, “तुझा नवरा तर खिशातच नेतो.” हशा पिकला. बाई समुद्रपक्ष्यांचं काहीतरी सांगत होत्या, ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं. तुझे बाबा असते तर तेही स्वाझिकच्याच बाजूने बोलले असते. जाळ्यात आलेली पिशवी ते पुन्हा पाण्यातच भिरकावायचे आणि तू लहान असताना त्यांच्यावर चिडायचीस.

मग बोटी दुरुस्त करणारा तुदुआल पुढे आला. मार्चच्या मोठ्या ओहोटीत भूशिराखाली बाबांच्या बोटीचा सांगाडा उघडा पडला होता, तेव्हा त्याने इंजिन ओढून वर आणलं होतं. त्याने टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीचा एक काळपट गोळा ठेवला. “कोरांतँच्या इंजिनातून निघाली,” बाबांचं नाव घेऊन एवढंच बोलला. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ज्या नळीतून आत येतं, तिच्या तोंडाशी ही पिशवी बसली होती. इंजिन तापलं, बंद पडलं आणि वाऱ्याने बोट खडकांवर नेली. पिशवीवरची अक्षरं पुसली गेली होती. ती कुणाच्याही दुकानातली असू शकत होती. स्वाझिक खाली बसली. आता ती मासे कागदात बांधून देते आणि माझ्याकडे बघत नाही. दुकानदार कोर्टात गेलेत, गावाला असा अधिकारच नाही म्हणतात. ठराव बहुतेक टिकणार नाही.

टिको न टिको, मी त्यासाठी लिहायला बसलेले नाही. त्या सकाळी तुमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि बाबा वादळाचा इशारा असताना बोट घेऊन गेले. मुद्दाम गेला, असं गाव म्हणालं. तू ते खरं धरलंस आणि दफनानंतर या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. मी तुला काय सांगणार होते? मला तरी काय ठाऊक होतं? सभा संपल्यावर तुदुआलने मला बाहेर गाठलं. म्हणाला, “वहिनी, हे आत सगळ्यांसमोर बोललो नाही. त्या नळीचे बोल्ट अर्धे सोडवलेले होते. पाना अजून एका बोल्टावर अडकलेला होता.” रोझेन, पोरी, तुझे बाबा मरायला गेले नव्हते. अंगावर लाटा येत असताना ते इंजिन दुरुस्त करत होते. त्यांना घरी यायचं होतं.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई