कुसुमच्या ताटातली अंबाडी

नारायणगुडा, हैदराबाद
१७ ऑगस्ट १९९४

ती. हणमंतराव यांस एकनाथचा नमस्कार.

आपले गुडघे, वहिनींचा दमा आणि तुमच्या परभणीचे नळ हे तिन्ही बरे चालले असतील असे धरून लिहायला घेतो. इकडे आपली बहीण कुसुम ठीक आहे, म्हणजे ठीक नाही, आणि नेमके काय आहे ते मला समजले तेवढे (फार नाही) सांगतो.

जिना चढताना तिला धाप लागायची, म्हणून डॉक्टरीणबाईंना दाखवले. लहानपणी सांधे धरून ताप आला होता ना, त्याने हृदयातली एक झडप अरुंद झाली आहे म्हणे. (देशाची सगळी दारे उघडली, नाक्यावर परदेशी थंडे आले, घरात केबल आली, हिची झडप तेवढी उघडायला तयार नाही.) मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद करतात. मी म्हटले, उद्याच करा. तर नाही! झडपेमागे रक्त तुंबून त्याची गाठ झाली आहे, ती सुटली तर थेट मेंदूत जाईल. म्हणून आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या, गाठ विरली की मग फुगा. जन्मभर मी रक्त वाढवायची औषधे ऐकत आलो, हे पातळ करणे नवीनच. शिवाय पालेभाजी रोज सारखीच खायची, कारण ती गोळीच्या विरुद्ध पक्षात असते.

ती जबाबदारी मी घेतली. रोज मोजून एक जुडी आणतो. तरी तपासणीत रक्त कधी घट्ट, कधी इतके पातळ की दात घासताना हिरड्यांतून येते. मी औषधाचे दुकान बदलले, तपासणी नारायणगुड्याहून सिकंदराबादला नेली, शेजारच्या लक्ष्मम्मांना गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीचीच, चटणी पाठवायची बंदी केली (त्या आता माझ्याशी बोलत नाहीत). काही उपयोग नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला गप्प करून कुसुमलाच विचारले, "अम्मा, आप साग कित्ता खाते?" ही म्हणाली, "जित्ता बचा, उत्ता." मी हसलो. दुसरे कोणी हसले नाही. मग उलगडा झाला. मेथी असली की मी आणि आपला भाचा आदित्य पातेले पुसून खातो, हिला लोणचे. अंबाडी किंवा चुका असला की आम्ही नाके मुरडतो, आणि टाकायचे कशाला म्हणून ते अख्खे पातेले हिच्या पोटात. म्हणजे हिच्या औषधाचे माप आमच्या जिभा ठरवत होत्या! एवढा संसार केला, पण बायको काय जेवते ते मला ठाऊक नव्हते. फार लाज वाटली, हणमंतराव, आणि त्याहून जास्त भीती.

आता तिला आमच्याबरोबर बसवतो, तर ती पोळ्यांसाठी उठते. पोळ्या मेसमधून आणल्या, तर त्याही आधी आम्हालाच वाढते. आपण थोरले भाऊ. सगळ्यांबरोबर जेवत जा, असे तिला जरा दरडावून लिहावे, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आपला,
एकनाथ

ता. क. हे पत्र महिनाभर माझ्या ऑफिसच्या पिशवीतच राहिले. दरडावायची गरज उरली नाही. तिची भाजीची वाटी आता मीच आधी काढून ठेवतो, अंबाडी मुकाट गिळतो, आणि रक्त ताळ्यावर आले आहे. गाठ विरली. येत्या सोमवारी फुगा.

ता. क. २. दादाला उगाच धावपळ नको, असे कुसुम म्हणते, तेव्हा तिला न विचारता लिहितो: आपण या. तिला धीर द्यायला नव्हे, ती आमच्या दोन दिवसांच्या भाज्या निवडून ठेवते आहे. ती आत गेल्यावर बाहेरच्या बाकावर मला एकट्याला बसवणार नाही.